पथ्यावर पडलेला रिपोर्ट

लठ्ठपणाच्या ऑपरेशनआधी, पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं का ते तपासायला आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या पेशंटला मी 'ॲसिडिटी आहे का' असं विचारत नाही. इंदूरमध्ये त्याचं उत्तर ठरलेलं असतं, 'थोडा गॅस होतो, तो काय सगळ्यांनाच होतो.' म्हणून मी विचारते, 'सकाळी चहाच्या आधी काय घेता?'

रामबागेतल्या या ताई. वय ४६, बीएमआय ४१. मी मराठी बोलतेय म्हटल्यावर आधी माझं माहेर कुठलं ते विचारून झालं, मग उत्तर आलं, 'थायरॉइडची गोळी, आणि ती दुसरी.' ती दुसरी म्हणजे पॅन्टोप्राझोल ४०, पोटातलं आम्ल कमी करणारी. कधीपासून? 'धाकटा बारावीला होता तेव्हापासून.' धाकटा आता पुण्यात नोकरी करतो. फाइलमधल्या औषधांच्या यादीत ही गोळी नव्हतीच. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय पत्ता देतो, त्यामुळे लोक तिला औषधात धरत नाहीत, आणि खरं सांगायचं तर यादी लिहिणारे ज्युनियर डॉक्टरही धरत नाहीत.

त्यांची एंडोस्कोपी ही गोळी चालू असतानाच झालेली. अर्थात नॉर्मल. पॅन्टोप्राझोल अन्ननलिकेवरचे व्रण भरून आणतं. ते चालू ठेवून आत बघायचं म्हणजे झाडलोट झाल्यावर धूळ शोधायची.

ताईंना स्लीव्ह हवी होती. नणंदेची झाली होती, तिचं वजन उतरलं होतं, विषय संपला. स्लीव्हमध्ये पोटाचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरते ती अरुंद नळी. तिच्यात दाब वाढतो, आणि अन्ननलिका पोटाला मिळते तिथली झडप आधीच सैल असेल तर आम्ल वर चढतं. दुसरा पर्याय पोटाचा बायपास. त्यात वरची पिशवी लहान, तिच्यात आम्ल थोडं, आणि पित्ताची वाट दूर वळवलेली. फिनलंडमधल्या स्लीव्हपास चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ साली आले, त्यात अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के होता. म्हणजे माझ्या टेस्टवर कुठलं ऑपरेशन ते ठरू शकतं. खालच्या मजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत लॅब देणाऱ्यांना हे माहीत असावं असं वाटत नाही.

गोळी सात दिवस बंद करून त्या आल्या. आधी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणं. नाकात जेली, मग नळी, आणि घशाशी पोचली की 'हनुवटी छातीला लावा, पाण्याचा घोट घ्या, गिळा, गिळा, गिळा.' हे तीन 'गिळा' कुठल्या तालात म्हणायचे ते पुस्तकात नसतं. मग आडवं झोपवून पाच-पाच मिलीचे दहा घोट. पडद्यावर प्रत्येक घोट वरून खाली रंगाची तिरकी रेघ काढत जातो, आणि तळाशी झडपेचा आडवा पट्टा दिसतो. ताईंच्या पडद्यावर पट्टे दोन होते. झडपेचा वर, छाती आणि पोट वेगळं करणाऱ्या स्नायूचा (डायफ्रॅमचा) खाली, मधे दोनेक सेंटिमीटर. छोटा हर्निया, म्हणजे पोटाचं वरचं टोक छातीत सरकलेलं, एंडोस्कोपीत निसटलेला. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

मग आम्ल मोजणारी पीएचची बारीक नळी, सेन्सर झडपेच्या वरच्या कडेपासून बरोबर पाच सेंटिमीटर वर. गालावर चिकटपट्टी, खांद्याला रेकॉर्डर, हातात डायरी. 'नेहमीसारखं खा, नेहमीसारखं झोपा, आडवं झालात की हे बटण दाबा, त्रास झाला की ते.' यजमानांच्या स्कूटरवर बसताना त्यांनी ओढणी तोंडाला गुंडाळली. आपल्याकडे गाडीवरच्या निम्म्या बायका तशाच असतात, नळी कुणाच्या लक्षातही आली नसेल.

दुसऱ्या दिवशी आकडा आला ३.१ टक्के. चोवीस तासांपैकी चार टक्क्यांहून कमी वेळ पीएच ४ च्या खाली, म्हणजे आम्ल वर आलेलं, असेल तर नॉर्मल, सहाच्या वर असेल तर ॲसिड रिफ्लक्स नक्की. सर्जन सरांनी फोनवरच सांगितलं, 'झालं तर मग, स्लीव्ह. हर्नियाला आत गेल्यावर टाके घालू.' सर हाताने सोन्यासारखे आहेत, पण रिपोर्टची शेवटची ओळ सोडून काही वाचत नाहीत.

मी डायरी उघडली. सहसा ती घरून निघताना एका पेनाने, एका दमात भरलेली असते. ताईंनी मात्र प्रामाणिकपणे भरली होती. सकाळी मुगाचं पाणी. दुपारी ताक. रात्री दुधीचं सूप, साडेसहाला. त्याच दिवशी वरच्या मजल्यावर डाएटिशियनने त्यांना ऑपरेशनआधीचा, यकृत आकसवण्याचा तक्ता हातात दिला होता, आणि त्यांनी तो तिथूनच सुरू केला! रात्रीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नळी निघेल म्हणून खुर्चीत बसून होते.' रेकॉर्डरवर आडवं असल्याचा काळ पाऊण तास.

पोटात काही नाही आणि बाई रात्रभर सरळ बसलेली. आम्ल वर येणार कधी?

मी रिपोर्टवर लिहिलं, 'अभ्यास अपुरा, पुन्हा करावा.' सरांना आवडलं नाही. पुन्हा नळी, पुन्हा खर्च. ताईंना मी एवढंच विचारलं, 'रविवारी तुम्ही खरोखर काय खाता?' त्या हसल्या. 'पोहे, वर शेव-जिरावण, जिलेबी. रात्री लेक आला असेल तर सराफ्यातल्या खाऊगल्लीत. घरी येऊन आडवं व्हायला बारा-साडेबारा होतात.' मी म्हटलं, तोच रविवार मला हवाय, आणि उशीही रोजचीच घ्या.

दुसऱ्या वेळी ९.४ टक्के, आणि बहुतेक सगळं रात्री एक ते चारच्या मधलं. त्या वेळात त्रासाचं बटण एकदाही दाबलेलं नाही. त्या गाढ झोपल्या होत्या. सकाळी म्हणाल्या, 'बघा, मला काहीच झालं नाही.'

सर आता बायपास म्हणतायत. ताईंना बायपासनंतर जन्मभर लोह आणि बी-१२ घ्यायचं नाहीये, आणि न जाणवलेल्या आगीसाठी नणंदेपेक्षा मोठं ऑपरेशन का, हे त्यांना पटत नाही. मला आकडा पटतो, त्यांना नाही, आणि त्यांच्या जागी मला तरी पटला असता का ते ठाऊक नाही.

काल त्यांच्या यजमानांचा फोन आला. 'मॅडम, ही टेस्ट चुकीची येऊ शकते का?'

'कोणती, पहिली की दुसरी?'

'दुसरी हो. पहिली तर नॉर्मल होती ना.'