राक्षसांचा डेक आणि चार मानांचा पुतळा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळू लागल्यापासून माझी एकच हौस होती, ती म्हणजे टेबलावर अवाढव्य राक्षस उतरवण्याची; आणि त्यांतही २०१० साली ‘राइज ऑफ द एल्ड्राझी’ या संचातून आलेल्या कोझिलेक आणि उलामोग यांच्यावर माझा विशेष जीव होता. मात्र कोझिलेकला १० माना (कार्ड खेळण्यासाठी खर्चावी लागणारी शक्ती) लागतात, उलामोगला ११, आणि प्रत्येकाचा १०० कार्डांचा डेक व त्याचा एक म्होरक्या असणाऱ्या कमांडर प्रकारात एवढा माना जमेपर्यंत आमच्या टेबलावरचा डाव बहुतेक वेळा आटोपलेला असतो.

उपाय म्हणून मी २०११ चा अ‍ॅनिमार कमांडर म्हणून निवडला. हिरवा, निळा आणि लाल अशा तीन मानांत तो येतो, आपण क्रीचर (प्राणी किंवा पात्राचे कार्ड) खेळले की त्याच्यावर एक काउंटर, म्हणजे वाढीची खूण, चढतो, आणि जितके काउंटर तितक्या मानांनी पुढची क्रीचर स्वस्त होतात. मी हर्षभरित होऊन यादीत वीस राक्षस कोंबले आणि सलग हरत राहिलो, कारण हातात सगळे राक्षस आणि काउंटर चढवायला एकही छोटे क्रीचर नाही. म्हणजे पंगत भरलेली, पण वाढपीच नाही.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. अ‍ॅनिमारची सवलत फक्त आकड्यात छापलेल्या किमतीला लागू पडते, चिन्हांना नाही. जुन्या कोझिलेकच्या कोपऱ्यात नुसता १० असल्यामुळे तो पूर्ण फुकट होऊ शकतो; पण २०१६ चा कोझिलेक, ज्याची एकूण किंमतही दहाच, आठाचा आकडा आणि रंगहीन मानाची दोन चिन्हे घेऊन येतो. अ‍ॅनिमारवर नऊ काउंटर असताना मी तो दिमाखात टेबलावर ठेवला, तेव्हा समोरच्या मित्राने काही न बोलता त्या दोन चिन्हांवर बोट ठेवले. माझ्या सगळ्या लँड, म्हणजे माना देणारी कार्डे, फक्त रंगीत माना देणाऱ्या होत्या, त्यामुळे कार्ड मुकाट्याने हातात परतले.

खरा कॉम्बो, म्हणजे एकमेकांना पूरक कार्डांची जुळणी, सापडला तो २०१५ च्या अँसेस्ट्रल स्टॅच्यू या साध्या पुतळ्यात. किंमत चार, सगळी आकड्यात. आणि टेबलावर येताच लँड सोडून आपले कोणतेही एक कार्ड हातात परत घ्यावे लागते. ते कार्ड म्हणून पुतळा स्वतःलाच निवडतो! अ‍ॅनिमारवर दोन काउंटर असतील तर पहिल्या खेपेला दोन माना, दुसऱ्या खेपेला एक आणि तिसऱ्या खेपेपासून शून्य, म्हणजे तीन मानांत अ‍ॅनिमार हवा तेवढा वाढतो.

हे कळल्यावर मी बहुतेक राक्षस काढून लॅनोवार एल्व्ह्ज, एल्व्हिश व्हिजनरी, फिअर्स एम्पथ अशी चिल्लीपिल्ली भरली. एम्पथ तर सहा किंवा त्याहून महाग क्रीचर डेकमधून शोधून हातात देतो, त्यामुळे एकच कोझिलेक पुरतो. ज्या डावात सगळे जुळून आले त्यात चौथ्या फेरीला माझ्याकडे चार लँड आणि एल्फ मिळून पाच माना होता. तीन पुतळ्यावर खर्च केले, दहा काउंटर झाल्यावर कोझिलेक फुकट खेळून चार कार्डे ओढली, त्यांत पर्फोरस निघाला आणि तो एका लाल मानात उतरला. नंतर येणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे तो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला दोन इजा करतो. पुतळा वीस वेळा आत-बाहेर केला आणि तिन्ही प्रतिस्पर्ध्यांचे प्रत्येकी चाळीस प्राण संपले.

पुढच्याच डावात त्याच मित्राने पुतळा हातात परतण्याआधी त्यावर नेचर्स क्लेम हे नष्ट करणारे कार्ड टाकले. मला त्या कार्डाच्या नियमाप्रमाणे चार प्राण मिळाले, पुतळा ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, गेला आणि काहीतरी परत घेणे भाग असल्याने मी एल्फ उचलला. त्या रात्री उलामोग काढून त्याच्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये मी ग्रेव्हयार्डमधून कार्ड परत आणणारी इटर्नल विटनेस घातली.