बेडकाची अंडी आणि रेमाक

मी हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विभागाची टेक्निशियन. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या (तुकडा खराब होऊ न देणाऱ्या द्रावणाच्या) डबीतून आमच्याकडे येतो, त्याचं ग्रॉसिंग, म्हणजे नीट बघून हवे ते भाग कापून घेणं होतं, मग अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण असं सगळं उरकून ब्लॉक हातात पडतो. मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सेक्शन, म्हणजे पातळ काप काढणं हे माझं काम. निदान डॉक्टर करतात, पण त्यांना काय दिसणार आणि काय नाही, हे बरंचसं त्याआधीच ठरलेलं असतं. त्यामुळे पेशी सिद्धांताचा, म्हणजे सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात आणि पेशी पेशीपासूनच येते या विचाराचा इतिहास वाचताना कोण काय म्हणालं यापेक्षा मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की याने कापलं कशाने आणि ठेवलं कशात?

इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बूच पाहिलं, त्याचं १६६५ चं वर्णन म्हणून मला फार आवडतं. चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली, बुचाचा अगदी पातळ काप काढला, काप पांढरट म्हणून खाली काळी पट्टी ठेवली आणि भिंगातून त्यावर उजेड पाडला, हे सगळं तो सांगतो. हे आमच्याच जातीचं बोलणं. पुढे त्याने हिशेबही केला: एका इंचात १०८० कप्पे, म्हणजे एका घन इंचात १,२५,९७,१२,००० कप्पे. मी गंमत म्हणून उलटं गणित केलं. एक कप्पा साधारण साडेतेवीस मायक्रॉनचा निघतो, म्हणजे त्या एका कप्प्याचे मी आरामात सहा सेक्शन कापेन. अर्थात हूकने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. त्यातून सिद्धांत निघणं शक्य नव्हतं.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पेशी सिद्धांत कुणी मांडला असं विचारलं की पाढ्यासारखं उत्तर येतं: श्लायडेन १८३८, श्वान १८३९, विर्चो १८५५. यातला श्लायडेन मुळात हॅम्बुर्गचा वकील. वकिली जमेना, निराशेत स्वतःवर गोळी झाडून घेतली, त्यातून वाचला आणि वनस्पतिशास्त्राकडे वळला. वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात, हे त्याने ठासून मांडलं. श्वान बर्लिनमध्ये शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलरच्या प्रयोगशाळेत होता. एकदा जेवताना श्लायडेन त्याला वनस्पतिपेशीतल्या केंद्रकाबद्दल सांगत होता आणि श्वानला आठवलं, असलंच काहीतरी आपण बेडकाच्या पिल्लांच्या पृष्ठरज्जूत (नोटोकॉर्ड, पाठीतला लवचीक दांडा) पाहिलंय. दोघं उठून स्लाइड बघायला गेले. पृष्ठरज्जू ही निवड नशिबाचीच म्हणायची. तिथल्या पेशी टपोऱ्या, ठळक कडांच्या, वनस्पतीच्या पेशींसारख्या दिसतात. त्या काळात रंग न देता यकृताचा तुकडा बघून कुणाला प्राण्यांच्या पेशी सहज पटल्या असत्या, असं मला वाटत नाही. पेशींची केंद्रकं रंगवणारं हिमॅटॉक्सिलिन वापरात आलं ते १८६० च्या दशकात आणि फॉर्मलिन १८९३ मध्ये.

पण नवी पेशी येते कुठून, यावर दोघांचंही उत्तर साफ चुकलं होतं. द्रवातून आधी केंद्रक जमतं आणि मग त्याच्याभोवती पेशी वाढते, मिठाचा खडा धरावा तशी, असं ते मानत. हे मत पुढे दहा-पंधरा वर्षं टिकून राहिलं. शाळेच्या पुस्तकात हा भाग एका ओळीत जातो, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

म्युलरच्याच प्रयोगशाळेत रॉबर्ट रेमाक नावाचा माणूस होता. पोझेनचा (आजच्या पोलंडमधलं पोझनान), ज्यू. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यात ज्यूंना विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळत नसे आणि रेमाक धर्म बदलायला तयार नव्हता. राजाकडे अर्ज करून, हुम्बोल्टसारख्या नामवंत शास्त्रज्ञांचं वजन वापरून, अखेर १८४७ मध्ये त्याला बर्लिनमध्ये शिकवण्याची परवानगी मिळाली. पोटापाण्यासाठी तो डॉक्टरकी करत होता. कोंबडीच्या गर्भातल्या तांबड्या पेशी दुभंगताना त्याने १८४१ मध्येच पाहिल्या होत्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, म्हणून ते तरी नीट दिसलं. मग बेडकाची अंडी. पेशीचं आवरण इतकं नाजूक की विभाजन होताना ते आत वळतं की मधे नवीनच पडदा उभा राहतो, हे कळेना. रेमाकने अंडी रसायनांत घट्ट करून घेतली आणि आवरण स्वच्छ दिसायला लागलं. म्हणजे फिक्सेशन! १८५२ मध्ये त्याने लिहून टाकलं की प्राण्यांच्या पेशी पेशींबाहेर तयार होत नाहीत, आधीच्या पेशींच्या विभाजनातूनच येतात.

जर्मन पॅथॉलॉजिस्ट विर्चोने १८५५ मध्ये तेच म्हटलं, रेमाकला श्रेय न देता. रेमाकने त्याला पत्र लिहून जाबही विचारला. ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे लॅटिन वाक्यसुद्धा विर्चोचं नव्हे, फ्रान्सच्या रास्पायने ते १८२५ मध्येच वापरलं होतं. तरी मला विर्चोला नुसता चोर म्हणवत नाही. आजार पेशीत शोधायचा, हे त्याने १८५८ च्या व्याख्यानांत डॉक्टरांच्या गळी उतरवलं आणि माझी नोकरी तिथूनच निघाली आहे. पण एक तळटीप लिहायला त्याचं काय जात होतं? रेमाकला दुय्यम दर्जाचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५९ मध्ये, आणि १८६५ मध्ये, पन्नाशीत, तो गेला.

रेमाकने जे पाहिलं तेच आज आमचे डॉक्टर स्तनाच्या गाठीच्या स्लाइडवर मोजतात. हाय पॉवरची, म्हणजे मोठ्या भिंगाखाली दिसणारी दहा फील्ड बघून विभाजन होत असलेल्या पेशी किती, त्यावर ग्रेडचा, म्हणजे कर्करोग किती आक्रमक आहे त्या श्रेणीचा एक भाग ठरतो. तुकडा फॉर्मलिनमध्ये उशिरा पडला तर या आकृत्या पुसट होतात आणि आकडा कमी येतो. म्हणून तासाभराच्या आत फिक्सेशन सुरू व्हावं आणि फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दसपट असावं, असं आम्ही ऑपरेशन थिएटरच्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो. तरीही एवढीशी डबी, त्यात कोंबलेली गाठ आणि तळाशी बोटभर फॉर्मलिन, असं अजून येतंच. आता नव्या मुलांना मी रेमाकची गोष्ट डबी भरण्याच्या दिवशीच सांगते, सिद्धांताच्या तासाला नाही.