डायोडचा ग्राफ आणि गिटारचं पेडल

शाळेने काय दिलं यावर या स्मरणिकेत बरेच जण लिहिणार आहेत, संस्कार, शिस्त, वाचनाची गोडी वगैरे, आणि ते सगळं खरंच आहे. मी आपला फिजिक्सच्या लॅबवर लिहितो. कारण मी नोकरीतून वेळ मिळेल तसा जो उद्योग करतो, म्हणजे गिटारची इफेक्ट पेडल्स घरी बनवणं आणि दुसऱ्यांनी बनवून बंद पाडलेली पेडल्स चालू करून देणं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या लॅबमध्येच शिकून झालं होतं.

ज्यांना पेडल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे एक धातूची छोटी डबी असते, वर एक पायाने दाबायचा स्विच, दोन-तीन नॉब, आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि मूठभर पार्ट्स. गिटारमधून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, डबी त्याला मोठं करते, कापते, उशिरा पाठवते, काय वाट्टेल ते करते. बाजारात भारी भारी मिळतात, पण स्वतः सोल्डर केलेलं पेडल पहिल्यांदा वाजतं ना, तेव्हा जे वाटतं ते विकत घेतलेल्यात नाही. आणि खरं म्हणजे पहिल्यांदा ते बहुतेक वाजतच नाही, त्याबद्दल पुढे.

बारावीचं डायोडचं प्रॅक्टिकल आठवतंय का कुणाला? लाकडी पट्टीवर बसवलेला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, ज्याच्या काट्यावर कुणाचाच भरवसा नसायचा असा मिलीअॅमीटर, आणि व्होल्टेज थोडं थोडं वाढवत रीडिंग घ्यायचं. बराच वेळ काटा शून्यावरच, आपण एकमेकांकडे बघतोय, मामांना हाक मारावी का असा विचार चाललाय, आणि ०.६ व्होल्टच्या आसपास काटा एकदम उठायचा. मग ग्राफ पेपरवर ते वळण काढायचं. आमचे सर पट्टीने जोडू द्यायचे नाहीत, हाताने काढा म्हणायचे, कारण तो कोपरा नाहीये वळण आहे, आणि ते किती गोल आहे हेच बघण्यासारखं आहे. आम्हाला तेव्हा वाटायचं काय हा हट्ट, मार्क तर तेवढेच मिळणार.

गिटारचं डिस्टॉर्शन म्हणजे तेच वळण. सिग्नल आधी भरपूर मोठा करायचा आणि मग दोन डायोड उलटसुलट जोडून ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसच्या बाजूला, द्यायचे. सिग्नल कुठल्याही बाजूला ०.६ च्या वर जायला लागला की डायोड चालू होतो आणि वरचा भाग खाऊन टाकतो, म्हणजे गोल लाटेचा माथा सपाट होतो. माथा सपाट झाला की मुळात नसलेल्या फ्रीक्वेन्सी तयार होतात. गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की ११० हर्ट्झ, तिच्यासोबत आता ३३०, ५५० असे विषम पटीतले आवाज जोरात यायला लागतात, आणि ज्याला आपण रॉकचा आवाज म्हणतो तो हाच. हा झाला सिलिकॉनचा डायोड, त्याच्या जागी जर्मेनियमचा लावला तर तो ०.३ च्या आसपासच चालू व्हायला लागतो आणि त्याचं वळण जास्त गोल, त्यामुळे आवाज मऊ आणि थोडा हळू. लाल एलईडी लावला तर दीड-पावणेदोन व्होल्टपर्यंत सिग्नलला मोकळीक, आवाज मोठा आणि जास्त उघडा. वरच्या बाजूला एक प्रकारचा आणि खालच्या बाजूला दुसऱ्या प्रकारचा डायोड लावला की सम पटीतलेही आवाज येतात. सरांचा हट्ट कानाने ऐकू येतो असं म्हटलं तरी चालेल.

गंमत अशी की पुस्तकात हे सगळं दोष म्हणून शिकवलेलं होतं. ट्रान्झिस्टर अँप्लिफायरच्या धड्यात आउटपुट विकृत होता कामा नये असं होतं आणि आम्ही ते पाठ केलं होतं. गिटारवाल्यांना तो दोषच हवा होता. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाच्या एका गाण्यात असंच झालं, रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचं एक चॅनेल बिघडलं, आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचा बेस गिटारचा सोलो घरघरत, फाटल्यासारखा रेकॉर्ड झाला. तो तसाच ठेवला. मग तिथला इंजिनिअर ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड मुद्दाम करता येईल असं ट्रान्झिस्टरचं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये ते मायस्ट्रो फझ-टोन नावाने विकायला आलं (फझ म्हणजे हाच घरघरणारा आवाज). आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, बस. १९६६ चं फझ फेस हे पेडल तर दोनच ट्रान्झिस्टरवर चालतो, आणि जिमी हेंड्रिक्सचा तो आवाज त्यातून आलाय.

आता बंद पडलेल्या पेडल्सकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे आहे.

लॅबमध्ये कनेक्शन जोडून झालं की स्विच चालू करायचा नाही असा नियम होता. सर यायचे, वहीतला डायग्राम समोर ठेवायला लावायचे, आणि आपण बॅटरीच्या प्लसवर बोट ठेवून वायरीवरून फिरवत फिरवत मायनसपर्यंत यायचं, मधे कुठे बोट अडलं तर पुन्हा जोडा. वैताग यायचा. आणि जर्नलमध्ये जे दिसलं तेच रीडिंग लिहायचं, जे यायला हवं होतं ते नाही. आमच्या बॅचमध्ये उत्तरावरून रीडिंग तयार करणारे कलाकार होते (नावं घेत नाही, त्यातले काही या अंकात लिहीत असतील), त्यांना सर कसे काय पकडायचे हे मला आजही कळलेलं नाही.

पेडल बनवणाऱ्यांची गोची इथेच होते. वाजलं नाही की लोक पार्ट बदलायला लागतात, कपॅसिटर बदल, आयसी बदल, सगळं बदलून झालं की माझ्याकडे. एका मित्राचा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर, म्हणजे सिग्नल नुसता मोठा करणारं पेडल, आला होता, आवाज यायचा पण मेलेला, गिटार सरळ अँपला लावली तर त्यापेक्षा मोठी वाजेल असा. ट्रान्झिस्टर नवा, दोनदा बदललेला. मल्टिमीटर लावला, बॅटरी ठीक, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसवर, म्हणजे सिग्नल आत जातो तिथे, व्होल्टेज ठीक, पण कलेक्टरवर, म्हणजे मोठा होऊन बाहेर येतो तिथे, सप्लायच्या साधारण निम्मं असायला हवं तिथे जवळजवळ सगळा सप्लाय. म्हणजे ट्रान्झिस्टरमधून करंटच वाहत नाहीये. डायग्राममध्ये २एन ३९०४ होता, याने बीसी ५४७ लावलेला, दोन्ही एनपीएन, दोन्ही दिसायला सारखे, पण सपाट बाजू आपल्याकडे करून धरला तर ३९०४ चे पाय डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर आणि ५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर. बेस मधेच असल्यामुळे काही उलटं झालंय असा संशयच येत नाही, आणि उलटा लावलेला ट्रान्झिस्टर थोडं थोडं काम करतोसुद्धा, म्हणून आणखी घोळ. फिरवून लावला, झालं.

मीटरने भागलं नाही तर ऑडिओ प्रोब. हे फार साधं हत्यार आहे, अँपला जाणाऱ्या केबलच्या दुसऱ्या टोकाला टोकदार वायर, आणि मधे एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे सर्किटमधलं डीसी अँपमध्ये जाणार नाही. ग्राउंडची वायर सर्किटच्या ग्राउंडला. पेडलच्या इनपुटला मोबाइलवरून कुठलंही गाणं सोडायचं म्हणजे दोन्ही हात मोकळे, अँपचा आवाज अगदी कमी ठेवायचा, आणि मग टोक एकेका ठिकाणी टेकवत जायचं. इनपुट जॅक, गाणं आहे. पहिल्या कपॅसिटरच्या पलीकडे, आहे. बेसवर आहे. कलेक्टरवर मोठं होऊन आलं. आउटपुटच्या कपॅसिटरनंतर नाही! मग बिघाड त्या दोन टोकांच्या मधेच. सरांचं बोटच आहे ते, फक्त ऐकू येणारं.

सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे उघडं असताना वाजणारं आणि झाकण लावलं की मुकं होणारं पेडल. असं एक आलं होतं ज्याच्यावर तीन जणांनी हात टेकले होते. बोर्ड खालून पॉटच्या (नॉबखालच्या फिरवायच्या रेझिस्टरच्या) धातूच्या पाठीला टेकतो का, तर नाही, टेप लावलेली. मग मी नुसतं बघत बसलो आणि केबल आत-बाहेर केली, तेव्हा दिसलं. जॅकमध्ये प्लग घातला की आतली, प्लगच्या टोकाला टेकणारी पत्ती बाहेरच्या बाजूला वाकते, अगदी एक-दोन मिलिमीटर, आणि झाकण दाबून बसवल्यावर ती शेजारच्या पॉटच्या बॉडीला टेकत होती, म्हणजे सिग्नल सरळ ग्राउंडला. प्लग काढून झाकण उघडून बघितलं तर सगळं जागच्या जागी. जॅक थोडा फिरवून घट्ट केला आणि विषय संपला.

बाकीचे रोग नेहमीचे. सोल्डर चकचकीत न दिसता मातकट, दाणेदार दिसतंय तर जोड थंडा आहे, पुन्हा तापवा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (ज्याला प्लस-मायनस असतो तो) उलटा. व्हेरोबोर्डच्या (तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डच्या) दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढा सोल्डरचा धागा, तो भिंगाशिवाय दिसत नाही. गेन वाढवला की शिट्टी मारतंय तर इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना चिकटून चालल्यात, लांब करा किंवा शील्डेड वायर घाला. फझमधून रेडिओवरचं कुणीतरी बोलायला लागलं तर घाबरू नका, ट्रान्झिस्टर रेडिओचा सिग्नल डिटेक्ट करतोय, इनपुटजवळ शंभरेक पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर ग्राउंडला दिला की बहुतेक वेळा गप्प बसतो. स्विच दाबताना फट् असा आवाज येतो तर इनपुट आणि आउटपुटवर एकेक १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला नाहीये.

आत्ता शाळेत असलेल्यांपैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर थेट डिले-फेजरच्या मागे लागू नका, एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर करा. ४३० किलोओहम वर आणि ४३ किलोओहम खाली असा व्होल्टेज डिव्हायडर बेसला, कलेक्टरला १० किलोओहम, एमिटरला ३९० ओहम, आत येताना आणि बाहेर जाताना ०.१ मायक्रोफॅरड, शेवटी १०० किलोओहमचा व्हॉल्यूम. हे गणित तुमच्या पुस्तकातलंच आहे, डिव्हायडर ९ व्होल्टमधले ०.८ च्या आसपास देतो, त्यातले ०.६ बेस-एमिटर खातो, उरलेले ०.२ एमिटरच्या ३९० वर, म्हणजे करंट अर्धा मिलीअँपियर, आणि तोच करंट १० किलोओहममधून गेला की तिथे ५ व्होल्ट पडतात. कलेक्टरवर ४ राहायला हवेत. बेस स्वतःही थोडा करंट ओढतो त्यामुळे प्रत्यक्षात ४ ते ६ मध्ये काहीही आलं तरी चालतं, ८ आलं तर काहीतरी चुकलंय. गेन १० हजार भागिले ३९०, साधारण पंचवीस पट, प्रत्यक्षात जरा कमी. एलईडी लावणार असाल तर सिरीजमध्ये ४.७ किलोओहम, दीड मिलीअँपियर पुरतो, उगीच बॅटरी जाळू नका. इनपुटला स्टिरिओ जॅक वापरा आणि बॅटरीचा मायनस त्याच्या रिंगला जोडा, म्हणजे मोनो प्लग घातला तरच बॅटरी चालू होते, ही युक्ती ज्याने शोधली त्याला दंडवत. फक्त वाजवून झालं की केबल काढायची.

आणि कुणाचं पेडल बंद पडलं असेल तर मेळाव्याला येताना घेऊन या, मी मीटर आणि प्रोब आणणार आहे. मात्र सोबत सर्किट डायग्राम आणा, आणि आधीच काय काय बदलून ठेवलंय ते खरं सांगा.