मारवा आणि मुगाची खिचडी

आज संध्याकाळी मैफलीला गेले होते. बाईंनी मारवा घेतला. या रागात पंचम (प) नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात (नी) लावलेली. विलंबित एकताल, 12 मात्रांचं संथ आवर्तन, आणि बाई षड्जावर, म्हणजे सा वर, येतच नव्हत्या. कोमल रिषभ (रे), धैवत (ध), पुन्हा रिषभ. जीव नुसता टांगणीला! अखेर सा लागला तेव्हा शेजारच्या आजोबांनी डोळे पुसले. सूर लावण्याआधीचा तो श्वाससुद्धा समोर बसूनच ऐकावा, खरंच.

घरी येऊन मुगाची खिचडी टाकली. वरून जिरं-लसणाची चरचरीत फोडणी, चमचाभर तूप. पहिला घास घेत आई म्हणाली, "काय गं गुणगुणतेयस मघापासून?"

तोच रिषभ होता.