फोर्ड जीपीडब्ल्यू, १९४३: रिप्रो कुठे चालतो आणि कुठे अंगाशी येतो

दुसऱ्या महायुद्धातल्या या फोर्ड जीपची चॅसी रंगून तयार आहे, गिअरबॉक्ससकट इंजिन चढलंय आणि नवा टब, म्हणजे जीपची पत्र्याची बॉडी, पहिल्यांदा चॅसीवर टेकवून झालाय. टबाला अजून रंग नाही आणि इतक्यात लावायचाही नाही, कारण रिप्रो, म्हणजे मूळ नमुन्यावरून नव्यानं घडवलेल्या, भागांचा खरा हिशोब इथूनच सुरू होतो.

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर गाडी न्यायची म्हटली की पहिली धास्ती टबाची असते. पण गुण जास्त जातात ते भाग एकमेकांशी आणि गाडी बनली त्या महिन्याशी जुळत नाहीत म्हणून. मागच्या पत्र्यावर ‘फोर्ड’ अशी अक्षरं उठवलेला रिप्रो टब दिसतो देखणा, पण ती अक्षरं सरकारी हुकमानं १९४२ च्या मध्यालाच बंद झाली. १९४३ च्या गाडीवर ती असली की चूक लांबूनच दिसते. तसंच १९४४ च्या सुरुवातीपासून विलीज (हीच जीप बनवणारी दुसरी कंपनी) आणि फोर्ड दोघांच्या गाड्यांना एकाच घडणीचा टब येऊ लागला. तो १९४३ च्या चॅसीवर बसतो बिनबोभाट, पण त्या गाडीचा नव्हे. फिलिपिन्समध्ये घडवलेले टब मागवताना गाडीचा महिना आणि ‘अक्षरं नकोत’ हे दोन्ही लिहूनच द्या.

टबाचे बोल्ट आधी नुसते हातानं धरायचे. मग ग्रिल, दोन्ही मडगार्ड, बॉनेट, विंडशील्ड क्रमानं चढवायचं आणि स्टीअरिंग कॉलम फ्लोअरमधून घालून बघायचा. कॉलम भोकाच्या कडेला घासला तर टब बाजूला सरकलाय. बॉनेटची फट एकाच बाजूला उघडत असेल तर काउलखालचे (विंडशील्डपुढच्या पत्र्याखालचे) पॅड कमीजास्त करावे लागतात. दोन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर टबाच्या ब्रॅकेटचं भोक कानशीनं लांबट करा, चॅसीला ड्रिल लावू नका. चॅसी अस्सल आहे, टब नाही. हेच काम रंगानंतर केलं तर भोकाच्या कडेचा रंग सोलतो आणि गंज तिथूनच शिरतो.

फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत कारखान्यातच लाकूड भरलेलं असे. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून जुना टब बहुतेक तिथूनच सडतो. रिप्रो टबात ते लाकूड आहे का ते पाहा. नसेल तर चांगलं वाळलेलं लाकूड कापून, उकळलेलं जवसाचं तेल पाजून बसवा. आधी पट्टीच्या आतून प्रायमर गेलाच पाहिजे, नंतर तिथं हात पोचत नाही.

आता बोल्ट. फोर्डनं आपल्या भागांवर तिरपा ‘एफ’ उठवला: बोल्टच्या डोक्यावर, ब्रॅकेटवर, छोट्या क्लिपांवरसुद्धा. गंज काढल्यावर त्यावर नख फिरवलं तर अक्षराची कड अजून लागते, आणि जाणता परीक्षक टॉर्च घेऊन तेच शोधतो. म्हणून या बोल्टांना ग्राइंडर किंवा वायरव्हील अजिबात नको. सगळ्यात सौम्य उपाय उसाच्या मळीचा: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप, एक ते दोन आठवडे. मळी गंज सोडवते, लोखंड खात नाही. वास भयंकर येतो, पिंप घरापासून लांब ठेवा. अॅल्युमिनिअमचे आणि जस्ताच्या ओतकामाचे भाग त्यात टाकू नका, म्हणजे कार्ब्युरेटर तर नाहीच. बाहेर काढल्यावर लगेच धुवा, गरम हवेनं सुकवा आणि तेल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस झाक येते.

कमी पडतील तेवढेच बोल्ट रिप्रो घ्या आणि ते टबाखाली, नजरेआड लावा. आटे ५/१६-२४ आणि ३/८-२४ असे बारीक आहेत. बाजारातला ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट ५/१६ च्या नटात दोन आटे जातो आणि अडकतो. आणखी जोर लावलात की वेल्ड केलेल्या नटाचे आटे संपले.

महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडल्या, त्यामुळे आपल्याकडे जीपचे भाग मिळायला अडचण नाही. मोहही तिथेच होतो. पण युद्धकाळातल्या ग्रिलला नऊ फटी, नंतरच्या नागरी सीजे जीपला सात. गिअरबॉक्स टी-८४ हवा, नंतरच्या जीपचा टी-९० बसवला तर गाडी चालते, गुण जातात.

फोर्डचा नंबर डाव्या चॅसी-रेलच्या वरच्या अंगाला ठोकलेला असतो, विलीजचा रेलच्या आतल्या बाजूला पट्टीवर. तो पुसट असला तरी पुन्हा ठोकायचा नाही, आरसी बुकाचा मामला आहे. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावरच्या माहितीच्या तीन पट्ट्या रिप्रो चालतात, फक्त त्यावरचा नंबर आणि तारीख चॅसीशी जुळायला हवी.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नाही. डब्यातला न वापरलेला जुना माल कितीही अस्सल असो, त्याचं रबर इतक्या वर्षांत वाळलेलं असतं. कप, होज, सील सगळे नवे. परीक्षक ड्रम उघडत नाही, आणि उघडला तरी इथले दोन गुण जाऊ द्यावेत.

वायरिंग ६ व्होल्टचंच ठेवतोय. कापडी वेष्टनाचा रिप्रो हार्नेस चांगला मिळतो. बॅटरीची केबल मात्र जाड हवी: १२ व्होल्टच्या गाडीची लावली तर स्टार्टर नुसता कण्हतो. बॉनेटवरच्या नंबरामागे ‘एस’ रंगवायचा असेल तर रेडिओचा खरखराट दाबणाऱ्या तांब्याच्या वेणीपट्ट्या खरोखर बसवा. पट्टीखालचा दातेरी वायसर रंग फोडून पत्र्याला भिडला पाहिजे. मीटरवर जोड शून्य ओहमच्या जवळ दिसत नसेल तर ती पट्टी नुसती शोभेची.

पुढचं काम चाकांचं. टायर ६.००-१६, दोन्ही दिशांना सारख्या नक्षीचे. दोन तुकड्यांची कॉम्बॅट रिम आठ नटांनी जोडलेली असते. व्हॉल्वचा गाभा काढून हवा पूर्ण गेल्याशिवाय त्यातला एकही नट सैल करायचा नाही. हवा असताना रिम सुटली तर माणूस जातो. हबवरचे नट निराळे, चाकाला पाच, आणि डाव्या बाजूचे उलट्या आट्यांचे. रिप्रो स्टड मागवताना डावे दहा, उजवे दहा असं वेगळं लिहा, नाहीतर वीसही उजवेच येतात.