शॉर्टवेव्हवर रोमानिया ऐकून क्यूएसएल कार्ड मिळवलं : माझा अनुभव

दूरच्या रेडिओ केंद्राला ‘तुमचं प्रसारण इथे ऐकू आलं’ असं पुराव्यासह कळवलं, की ते केंद्र क्यूएसएल कार्ड पाठवून त्याला दुजोरा देतं. मला असं कार्ड हवं होतं रेडिओ रोमानिया इंटरनॅशनलचं. रोमानियाची राजधानी बुखारेस्ट पुण्यापासून पाच हजार किलोमीटरहून लांब. त्यांचं इंग्रजी प्रसारण इंटरनेटवर सहज मिळतं, पण तिथे ऐकून कार्ड मागण्यात मला राम वाटत नव्हता. मला ते शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरवर पोचणाऱ्या रेडिओ लहरींवर पकडायचं होतं.

टेकसन कंपनीचा छोटा डिजिटल रेडिओ संच मागवला. खरी झटापट झाली ती घरातल्या खरखरीशी. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, राउटर, सगळेच शॉर्टवेव्हमध्ये घाण करतात. मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावला आणि एकेक वस्तू पुन्हा चालू करत गेलो. सगळ्यात त्रासदायक निघाला लॅपटॉपचा अडॅप्टर. तो काढला. मग गच्चीवर, इमारतीच्या वायरिंगपासून दूर, दहा मीटर तांब्याची तार ताणली आणि तिचं टोक एरियलला चिमट्याने लावलं. काही न ऐकू येणाऱ्या पट्ट्यात एकदम माणसं बोलू लागली.

पुढे वेळेचा अभ्यास. आयनांबर म्हणजे वातावरणातला वरचा विद्युतभारित भाग. दिवसा त्याचा सगळ्यात खालचा डी थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो, म्हणून दिवसा १९ किंवा १६ मीटरचा पट्टा बघायचा (हे मीटर म्हणजे लहरीची लांबी; लांबी जास्त तितकी वारंवारता कमी). सूर्य मावळला की हा थर विरतो आणि ३१, ४१, ४९ मीटर जागे होतात. वडिलांच्या पिढीला हे मीटर तोंडपाठ होते. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आटली आणि घरोघरी काटा चित्रपटगीतं लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळला.

वेळापत्रकं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. रोमानियाचं प्रसारण मला सकाळी साडेनऊनंतर १९ मीटरवर सापडलं. आवाज भरून यायचा, ओसरायचा, पुन्हा भरून यायचा. मला हे ओसरणंच सगळ्यात मोलाचं वाटतं. ती लहर रोमानियातल्या मनोऱ्यावरून निघून आयनांबर आणि जमीन यांच्यामध्ये टप्पे घेत माझ्या तारेपर्यंत येते. वाटेत ना सर्व्हर, ना कंपनी, ना खातं. मी ऐकतोय हे कुणालाही कळत नाही. ही जुन्या काळाची हौस आहे असं मी मानत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा मार्चमध्ये बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागांसाठी शॉर्टवेव्हवर बातम्या सुरू केल्याच. इंटरनेट तोडता येतं, वेबसाइट अडवता येते. दुसऱ्या देशातून येणारी लहर अडवायला मात्र तिच्यावर सतत गोंगाट सोडत बसावं लागतं.

कार्डासाठी लिहायचा अहवाल नेमका लागतो. तारीख, यूटीसी वेळ, वारंवारता, रेडिओ आणि अँटेना, शिवाय सिन्पो. म्हणजे सिग्नलची ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, आवाजाचं ओसरणं आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ‘फार छान ऐकू आलं’ असं लिहून काही सिद्ध होत नाही. मी वही घेऊन बसलो आणि बातम्यांचे मथळे, मुलाखतीचा विषय, गाणं कितव्या मिनिटाला लागलं, हे सगळं टिपलं. ३४३३३ असे गुण दिले. खुशामतीचे पाच दिले नाहीत, कारण तिथल्या इंजिनिअरला खरी स्थितीच उपयोगी पडते. घरचा पत्ता घालून ईमेल पाठवली.

कार्ड टपालाने आलं, मी वाट पाहायचं सोडून दिल्यावर. मागे माझी तारीख, वेळ आणि वारंवारता भरलेली. पोस्टमनकाकांनीही ते उलटसुलट करून पाहिलं.

आता न्यूझीलंडच्या रेडिओ केंद्राच्या मागे आहे. ते केंद्र पॅसिफिक बेटांसाठी प्रसारण करतं, आपल्या दिशेने नाही, म्हणून तार गच्चीच्या दुसऱ्या कडेला हलवली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागलं, की वारंवारता पुन्हा तपासायच्या आहेत.