एका श्वासात किती? माझ्या पहिल्या पेपरची गोष्ट

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षी थेसिसचे विषय वाटले गेले तेव्हा बॅचमधल्या हुशार मंडळींनी मधुमेह, थायरॉईड, रक्तदाब पटापट उचलले. रोजची तुडुंब ओपीडी, मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा तक्ता, बघता बघता भरतो. मी त्या दिवशी इमर्जन्सी ड्युटीला होते. उरलेला विषय गाईड मॅडमनी माझ्या गळ्यात घातला: जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, आणि त्यात श्वासाचे स्नायू कधी थकतात याचा अंदाज.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. बहुतेकदा आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. मग पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग हातातून चमचा पडायला लागतो. फुप्फुसं ठणठणीत असतात, पण त्यांना हलवणारं श्वासपटल थकत जातं. गंमत म्हणजे (गंमत कसली, धडकी भरते) बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर शेवटपर्यंत 98 दाखवत राहतो. तो खाली येईपर्यंत वाट बघितली तर व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत घाईघाईत, मध्यरात्री, घाबरलेल्या हातांनी घालावी लागते. साधारण चारातल्या एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. तो चौथा कोण, हे आधी ओळखायचं असतं.

त्यासाठी 20-30-40 चा नियम आहे. व्हायटल कपॅसिटी (खोल श्वास घेऊन पूर्ण बाहेर सोडता येणारी हवा) वजनाच्या किलोमागे 20 मिलिलिटरच्या खाली, श्वास ओढण्याचा दाब 30 च्या आणि सोडण्याचा 40 सेंटिमीटर पाण्याच्या खाली गेला की सावध व्हायचं. पण हवा मोजायचं फुंकायचं यंत्र, म्हणजे आमचा स्पायरोमीटर, चेस्ट विभागाच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली संध्याकाळी पाचला घरी जायची. शिवाय जीबीएसमध्ये चेहऱ्याचे स्नायूही लुळे पडतात. ओठ नळीभोवती मिटत नाहीत, कडेने हवा निसटते आणि यंत्र खोटा आकडा दाखवतं.

म्हणून मॅडम म्हणाल्या, जुनी युक्ती घे. पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि त्या एका श्वासात एक-दोन-तीन मोजायला लावायचं. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो. पंधरा-वीसच्या खाली आला की कान टवकारायचे. खर्च शून्य. रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं आणि जमेल तेव्हा स्पायरोमीटरशी ताडून बघायचं.

एथिक्स कमिटीपुढे मी इंग्रजीतून घोटून गेले होते. डॉक्टर मंडळींनी फारसं विचारलं नाही. कमिटीत डॉक्टर नसलेले एक सदस्य असतात, त्या काकांनी मराठीत विचारलं, ‘‘ज्याला बोलताना धाप लागते त्याला तुम्ही रोज मोजायला लावणार. तो दमला तर?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग प्रोटोकॉलमध्ये ओळ आली: एका वेळी दोनच प्रयत्न, मध्ये विश्रांती, आणि नको म्हणाला तर नको. संमतीपत्रावर सही घ्यायची तर हातात पेन धरवत नाही, म्हणून अंगठा आणि साक्षीदार. अंगठासुद्धा मीच उचलून शाईत टेकवायचे. आपण नक्की काय करतोय, असं पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

अठरा महिन्यांत 31 पेशंट. त्यातल्या एक आजी विसरता येत नाहीत. साठी ओलांडलेल्या, शेतावरून थेट आलेल्या. म्हटलं, आजी, मोठा श्वास घ्या आणि मोजा. त्यांनी सुरुवात केली: ‘‘लाभ, दोन, तीन, चार...’’ धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आयुष्यभर ज्वारी मापलेली बाई दुसरं काय म्हणणार? पहिल्या संध्याकाळी त्या एकोणीसला थांबल्या. मी लिहिलं, 19. दुसऱ्या सकाळी तेरा. ऑक्सिमीटर 98. संध्याकाळी ‘‘लाभ’’ म्हणाल्या आणि आठला आवाज विरला. उशीवरून मान उचलता येत नव्हती. आयसीयूत बेड नव्हता. सिस्टरांनी भांडून मिळवला, वॉर्डातले मामा ट्रॉली ढकलत पळाले. नळी घातली तेव्हाही ऑक्सिजन 96 होता. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं, या आजाराचं औषध) चालू होतंच, रोज किलोमागे 0.4 ग्रॅम, पाच दिवस. तेरा दिवसांनी नळी निघाली. त्या डिस्चार्जला चालत गेल्या नाहीत, पण बसून गेल्या.

थेसिस पास झाला. पेपर करायचा म्हणून मॅडम मागे लागल्या आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

आधी नावं. मी, मॅडम, एचओडी सर. मग ‘‘यांचंही घाला’’ म्हणून दुसऱ्या विभागातलं एक नाव आलं, ज्यांनी माझा एकही पेशंट पाहिला नव्हता. लेखक कोणाला म्हणायचं याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत: कामात खरा वाटा, लेखनात हात, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, चारही हवेत. मी ते छापून मॅडमच्या टेबलावर ठेवले आणि पळाले. नाव गेलं, पुढचे दोन महिने कॉरिडॉरमध्ये कुणीतरी माझ्या नमस्काराला उत्तर देत नव्हतं. याच आजाराचा इतिहास बघा. 1916 साली फ्रान्समध्ये दोन सैनिकांवरचा पेपर तिघांनी लिहिला: गिलँ, बारे आणि स्ट्रोल. स्ट्रोल यांनी प्रतिक्षिप्त क्रियांच्या विद्युत नोंदी केल्या होत्या. आजाराच्या नावात त्यांना जागा मिळाली नाही. आमच्याकडे काम न करता नाव हवं, आणि तिकडे काम करून गेलं.

मग पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचे ई-मेल यायला लागले. ‘‘आदरणीय प्रोफेसर, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावून गेलो आहोत.’’ मी ज्युनियर रेसिडेंट, कालच इंटर्नसमोर बोलणी खाल्लेली. 48 तासांत स्वीकृती, फी डॉलरमध्ये. माझ्या एका बॅचमेटने पैसे भरले. पेपर छापून आला, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, मात्र कधीच दिसला नाही.

पहिल्या जर्नलने चार दिवसांत परत पाठवला, दुसऱ्याने सात महिन्यांनी. तिसऱ्याकडून दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याला सगळं आवडलं, म्हणजे त्याने वाचलं नसावं. दुसऱ्याने सव्वीस मुद्दे काढले होते. अकरावा असा: ‘‘रुग्णांनी कोणत्या भाषेत मोजलं? वेग सगळ्यांचा सारखा होता का? नसल्यास या आकड्यांची तुलना कशी करता?’’

मी रजिस्टर काढलं. पहिल्या नऊ पेशंटना आपापल्या वेगाने मोजू दिलं होतं. घाबरलेला माणूस भराभर मोजतो, दमलेला ओढत मोजतो. दहाव्यापासून मोबाईलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं ॲप) लावायला लागले, कारण एका इंटर्नने सुचवलं. थेसिसमध्ये हे मी लिहिलंच नव्हतं. लपवलं नव्हतं, सुचलंच नव्हतं. आणि भाषा? बहुतेक मराठीत, तिघं हिंदीत, एक मास्तर हट्टाने इंग्रजीत. ‘एकोणतीस’ म्हणायला ‘तीस’पेक्षा किती जास्त वेळ लागतो ते मोठ्याने म्हणून बघा.

पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातल्या सांख्यिकीच्या सरांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, ‘‘नऊ वगळू, की वेगळे दाखवू?’’ वगळले असते तर आकडे देखणे दिसले असते. मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘‘वेगळे दाखव, आणि का ते लिही.’’ जो पी-व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोग तर नाही ना, हे जोखणारा आकडा) मी मैत्रिणींना मिरवून दाखवला होता तो बिघडला. निष्कर्षातलं ‘सिद्ध होतं’ जाऊन ‘उपयोगी ठरू शकतं’ आलं. मर्यादांचा परिच्छेद निष्कर्षापेक्षा मोठा झाला. सव्वीस मुद्द्यांची उत्तरं लिहायला नाईट ड्युटीचे सहा आठवडे गेले. आजींचं ‘लाभ’ मी पद्धतीच्या विभागात एका वाक्यात बसवलं होतं, ते संपादकांनी जागेअभावी कापलं. त्याचा मला अजून राग आहे.

2024 मध्ये पेपर आला. फार कुणी वाचला नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची साथ आली. अनेकांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जीवाणू सापडला. आठवडाभरात आजाराचं नाव घराघरांत गेलं, आणि पाणी उकळून प्या हे सांगायला डॉक्टर लागेना. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. रात्री अकराच्या सुमारास एका ज्युनियरचा फोन आला. मागे मॉनिटरचे आवाज, कुणीतरी सलाईन मागत होतं.

‘‘मॅडम, तुमचा पेपर उघडलाय. मेट्रोनोम कितीवर लावायचा?’’

‘‘मिनिटाला 120. सेकंदाला दोन आकडे,’’ मी म्हणाले. ‘‘आणि कुणी लाभ म्हणालं तर तो एक धर.’’